डोक्यात फिरणारी अडचण सोडवायची कशी? रोजच्या जीवनासाठी विचार करण्याच्या काही सवयी

मी इचलकरंजीत जनरल प्रॅक्टिस करतो. माझ्या पेशंटपैकी बरेच जण यंत्रमागावर काम करणारे आहेत. त्यातलेच एक मामा, वय पन्नाशीच्या आसपास, मधुमेहाला सहा वर्षे झालेली. काही केल्या त्यांची साखर आटोक्यात येत नव्हती. मी विचारायचो, "मामा, गोळ्या घेताय ना?" ते म्हणायचे, "घेतोय की साहेब, कधीमधी चुकते." मग मी पथ्याबद्दल दोन शब्द सुनवायचो आणि डोस वाढवायचो. असे दोन वेळा झाले. तिसऱ्या वेळी पेन उचलले तेव्हा बाहेर गर्दी नव्हती. सहज विचारले, "कधीमधी म्हणजे नेमकी कधी चुकते?"

"रातपाळीच्या आठवड्यात."

त्यांची पाळी बारा तासांची. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रपाळी करून सकाळी घरी आले की चहा घ्यायचा आणि झोपायचे. मी मात्र चिठ्ठीवर लिहिले होते, 'सकाळी नाश्त्याबरोबर एक'. त्या आठवड्यात नाश्ताच नव्हता. एकदा त्यांनी चहाबरोबर गोळी घेतली आणि झोपले. दोन तासांनी घामाने डबडबून जागे झाले, हातपाय थरथरत होते, छातीत धडधडत होते. बायकोने साखरपाणी दिले तेव्हा बरे वाटले. तेव्हापासून रात्रपाळीच्या आठवड्यात गोळी बंद. मला सांगितले नाही, कारण "तुम्ही रागावला असता".

ती गोळी पोटात अन्न नसतानाही रक्तातली साखर कमी करणारी होती. मी वाढवलेला डोस मामांनी आज्ञाधारकपणे घेतला असता आणि तसेच झोपले असते तर काय झाले असते, हा विचार आजही नकोसा वाटतो. मी 'साखर वाढली' हा प्रश्न सोडवत होतो, मामा 'घाम फुटतो' हा प्रश्न सोडवत होते. खरा प्रश्न होता रात्रपाळीत जेवणाच्या वेळा बदलतात हा, आणि त्याकडे दोघांपैकी कोणीच बघत नव्हते. नंतर मी गोळीचा प्रकार बदलला, ती घड्याळाऐवजी जेवणाला जोडली आणि डोस उलट कमी झाला. (तुम्ही मात्र हे वाचून स्वतःच्या गोळ्या बदलू नका. आधी तुमच्या डॉक्टरांना तुमच्या जेवणाच्या आणि कामाच्या वेळा सांगा.)

हा लेख मधुमेहाबद्दल नाही. रोजच्या अडचणींबद्दल आपण ज्या पद्धतीने विचार करतो त्याबद्दल आहे. डोकेदुखी, झोप न लागणे, ॲसिडिटी, वाढलेले बीपी अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या अनेकांच्या मागे घरची किंवा कामाची एखादी न सुटलेली अडचण असते. तिला ते 'टेन्शन' म्हणतात. टेन्शनवर गोळी मागतात, आणि आम्ही डॉक्टरही घाईत ती लिहून देतो.

विचार करणे आणि काळजी करणे

बहुतेकांना वाटते की आपण अडचणीवर खूप विचार करतो. प्रत्यक्षात तो विचार नसून काळजी असते. दोन्ही एकाच डोक्यात चालतात म्हणून सारख्या वाटतात. फरक ओळखायची एक साधी खूण मी पेशंटना सांगतो. दहा मिनिटे डोके चालवल्यावर हाताला काही नवीन लागले का? म्हणजे एखादी नवी माहिती, विचारायचा एखादा प्रश्न, उद्या करायची एखादी गोष्ट? लागले असेल तर तुम्ही विचार करत होता. तेच वाक्य चाळिसाव्यांदा मनात आले असेल तर ती काळजी.

काळजी गोल फिरण्याचे एक कारण मेंदूच्या रचनेत आहे. आपली कामचलाऊ स्मृती, म्हणजे ज्या स्मृतीत आपण आत्ता या क्षणी गोष्टी धरून ठेवतो ती, फार लहान असते. त्यात एका वेळी जेमतेम चार-पाच गोष्टी मावतात. घरचा हप्ता, मुलाची फी, सासऱ्यांचे औषध, साहेबांचा फोन आणि गळका नळ एवढे भरले की सहाव्या गोष्टीला, म्हणजे उपायाला, जागाच उरत नाही. नवीन काही आत आले की जुने बाहेर पडते, मग ते विसरू नये म्हणून मेंदू पुन्हा आत ओढतो. रात्री दोन वाजता हे चक्र चालू असेल तर तुम्ही कमजोर मनाचे आहात असे अजिबात नाही. पिशवी लहान आणि सामान जास्त, इतकेच.

म्हणून पहिली सवय कागदाची. मोबाइल चालेल, पण कागद बरा, कारण मोबाइल उघडला की आपण अर्ध्या तासाने भलतीकडेच असतो. २०१८ साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाने ५७ तरुणांवर एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे काहींनी पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, काहींनी झालेल्या कामांची. उद्याची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. प्रयोग लहान आहे, त्यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण वही-पेनाचे दुष्परिणाम नाहीत, हेही लक्षात घ्या.

डॉक्टरसारखे प्रश्न विचारा

तुम्ही पोटदुखी घेऊन आलात तर आम्ही लगेच गोळी लिहीत नाही (निदान लिहू नये). कधीपासून दुखते? कुठे दुखते? कशाने वाढते, कशाने थांबते? यापूर्वी कधी झाले होते का? तेव्हा काय केले? या पाच-सहा प्रश्नांत निम्मे निदान होते. हेच प्रश्न घरच्या अडचणीलाही लागू पडतात, फक्त आपण ते विचारत नाही.

उदाहरण घ्या, 'पैसे पुरत नाहीत'. हे पोटदुखी म्हणण्यासारखे झाले. कधीपासून? मार्चपासून. महिन्याच्या कोणत्या तारखेला? वीस तारखेनंतर. मार्चमध्ये काय बदलले? मुलाच्या गाडीचा हप्ता सुरू झाला. हप्त्याची तारीख? पाच. पगार? सात. म्हणजे दर महिन्याला दोन दिवसांसाठी कुणाकडून तरी उसने घ्यायचे, बँकेचा दंड भरायचा, आणि ते फेडताना वीस तारखेला हात रिकामा. आता 'पैसे पुरत नाहीत' या डोंगराच्या जागी 'हप्त्याची तारीख बदलून मिळेल का' हा बँकेत जाऊन विचारता येण्यासारखा प्रश्न उरतो. त्याने गरिबी जात नाही, पण दंड वाचतो.

अडचण एका वाक्यात लिहा, आणि त्या वाक्यात कधी, कुठे, कोणाबाबत हे आले पाहिजे. 'मुलगा अभ्यास करत नाही' हे वाक्य अपुरे आहे. 'शाळेतून आल्यावर संध्याकाळी सहा ते आठ मुलगा मोबाइल सोडत नाही आणि त्यावरून रोज भांडण होते' हे वाक्य चांगले. 'सासूबाई त्रास देतात' यात उपायाला जागाच नाही. वाक्य लिहिताना दोष देणारे शब्द गाळा. दोष खोटा असतो असे नाही, पण त्यातून करायचे काय ते कळत नाही.

इथे आम्हा डॉक्टरांची एक जुनी चूक तुमच्याही कामाची आहे. पहिले जे निदान सुचते त्याला आपण चिकटून बसतो आणि नंतरची प्रत्येक माहिती त्यातच बसवतो. मामांच्या बाबतीत माझे निदान होते 'पेशंट निष्काळजी'. म्हणून स्वतःला एक प्रश्न विचारायची सवय लावा: याचे दुसरे काय कारण असू शकेल?

एका वहिनींची वही

आता जरा सविस्तर. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

चाळिशीतल्या एका वहिनींना दोन महिने डोकेदुखी होती. बीपी ठीक, डोळे तपासलेले, रक्ताच्या तपासण्या चांगल्या. "घरात फार टेन्शन आहे, डॉक्टर," म्हणाल्या आणि रडू लागल्या. मी त्यांना एक कोरा कागद दिला आणि जे जे डोक्यात आहे ते लिहायला सांगितले. नऊ गोष्टी निघाल्या. मग प्रत्येकीपुढे खूण करायला सांगितली: यात मी काही करू शकते, थोडे करू शकते, काहीच करू शकत नाही. नवऱ्याच्या कारखान्यातली मंदी, धाकट्या बहिणीचे जमत नसलेले लग्न, अशा चार गोष्टी 'काहीच नाही' मध्ये गेल्या. त्या नाहीशा झाल्या नाहीत. पण आज त्यांवर डोके चालवून उपयोग नाही, हे कागदावर दिसले.

उरलेल्या पाचांतली एक निवडली. सगळ्यात मोठी नाही, रोज डोके दुखवणारी. त्यांचे वाक्य असे झाले: 'सासूबाईंच्या खुब्याचे ऑपरेशन झाल्यापासून सकाळी सात ते साडेनऊ या वेळात त्यांची आंघोळ, मुलांचे डबे आणि माझे कामावर निघणे एकाच वेळी येते.'

मग उपायांची यादी. इथे माझा एक आग्रह असतो. किमान सहा उपाय लिहायचे आणि लिहिताना एकालाही नाव ठेवायचे नाही. वेडे उपायही चालतील. पहिले दोन-तीन उपाय आपल्याला आधीच माहीत असतात आणि ते जमत नाहीत हेही माहीत असते. उपयोगी गोष्ट बहुधा त्यानंतर सुचते. वहिनींनी लिहिले: नोकरी सोडायची. पहाटे चारला उठायचे. बाई ठेवायची. नणंदेकडे पाठवायचे. दिरांनी यायचे. मुलांना डबाच द्यायचा नाही (हे लिहून स्वतःच हसल्या). मग थोड्या वेळाने, आंघोळ संध्याकाळी घालायची.

शेवटचा उपाय वाचून त्या स्वतःच म्हणाल्या, "छे, पारोशाने त्या देवाला हात कशा लावतील?" मी म्हटले, सासूबाईंना विचारले आहे का? नव्हते विचारले. घरातल्या कुणीच विचारले नव्हते. दोन महिने त्यांच्या आंघोळीवरून घर पेटले होते आणि ज्यांची आंघोळ त्यांचे मत कुणी घेतले नव्हते.

पुढच्या भेटीत कळले की सासूबाईंनी तोडगा काढला. सोमवार, गुरुवार आणि शनिवार सकाळी आंघोळ. बाकीचे दिवस सकाळी हातपाय-तोंड धुऊन पूजा नातवाने करायची, त्यांनी खुर्चीवर बसून सांगायचे. त्या तीन सकाळी दीर येणार होते. दीर दोन वेळा आले आणि यायचे बंद झाले.

इथे बहुतेक लोक सोडून देतात. 'बघा, सांगितले होते ना, काही उपयोग नाही.' पण आम्ही औषध दिल्यावर पेशंटला आठ दिवसांनी परत बोलावतो ते याचसाठी. पहिले औषध लागू पडेलच असे नसते. प्रश्न असा विचारायचा की नेमके काय अडले? वहिनींनी दिरांना फोन केला, यावेळी 'का आला नाहीत' असे न विचारता 'काय अवघड जातंय' असे विचारले. त्यांना आईला उचलायची भीती वाटत होती. ऑपरेशनची जागा दुखावेल, आई पडेल. लाजेपोटी बोलले नव्हते. फिजिओथेरपिस्टने एकदा घरी येऊन पलंगावरून खुर्चीवर कसे घ्यायचे ते दाखवले. त्यानंतर ते बहुतेक वेळा येतात. रोज नाही.

वहिनींची डोकेदुखी आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवसावर आली. कारखान्यातली मंदी आहे तशीच आहे.

हे मी शोधलेले नाही

अडचण नेमकी लिहिणे, बरेच उपाय काढणे, त्यातला एक निवडणे, करून पाहणे आणि तपासणे, ही रीत मानसोपचारात पन्नासहून अधिक वर्षे वापरात आहे. झुरिला आणि गोल्डफ्राइड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये तिची मांडणी केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये संकटात सापडलेल्या लोकांसाठी पाच भेटींचा एक कार्यक्रम प्रसिद्ध केला. मानसोपचारतज्ज्ञ नसलेली पण प्रशिक्षण घेतलेली माणसे तो चालवू शकतात. त्यातही ही रीत आहे.

मला सर्वांत आवडते ते झिम्बाब्वेचे उदाहरण. तिथल्या शोना भाषेत मनाच्या त्रासाला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, अर्थ 'अति विचार करणे'. आपल्या 'टेन्शन'चा सख्खा भाऊच. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी हरारे शहरात २००६ पासून आरोग्य सेविका म्हणून काम करणाऱ्या आज्यांना प्रशिक्षण दिले. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक, त्यावर आजी आणि पेशंट, आणि एकेक अडचण घेऊन बोलणे. ५७३ जणांवरच्या अभ्यासात, जो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, बाकावर बसलेल्यांची लक्षणे सहा महिन्यांनी नेहमीची सेवा मिळालेल्यांपेक्षा बरीच कमी होती.

आपल्याकडे गोव्यातल्या 'संगथ' या संस्थेने दिल्लीतल्या सरकारी शाळांतल्या किशोरवयीन मुलांसाठी अशीच पद्धत तपासली. काहींना समुपदेशकाबरोबर बसवले, काहींना फक्त पुस्तिका दिल्या. समुपदेशकाबरोबर बसलेल्या मुलांनी स्वतःच्या अडचणी जास्त हलक्या झाल्याचे सांगितले. मानसिक त्रासाच्या एकूण लक्षणांत मात्र दोन गटांत म्हणावा तसा फरक दिसला नाही. म्हणजे ही रीत अडचणीसाठी चांगली आहे, सगळ्या मानसिक त्रासावरचा रामबाण उपाय नाही. शिवाय समोर माणूस असेल तर ती जास्त जमते. घरात एखादी ऐकून घेणारी काकू, मित्र, शेजारी असेल तर त्यांना वही दाखवा. अट एकच, त्यांनी लगेच सल्ला द्यायचा नाही.

सवय कशी लावायची

सुरुवात लहान अडचणीपासून करा. रोज किल्ल्या सापडत नाहीत, गॅस सिलिंडर ऐनवेळी संपतो, बीपीची गोळी राहून जाते, अशा. नवऱ्याची दारू किंवा भावाभावांतला जमिनीचा वाद पहिल्या दिवशी वहीत घेऊ नका.

वेळ ठरवून घ्या. संध्याकाळी पंधरा मिनिटे पुरतात. रात्री अंथरुणावर काळजी आली तर तिला 'उद्या सहाला' असे सांगून एक शब्द कागदावर टिपून ठेवा. सुरुवातीला हे हास्यास्पद वाटते, पण बऱ्याच जणांना दोन आठवड्यांत जमू लागते.

ठरवलेली गोष्ट 'जेव्हा-तेव्हा' अशी लिहा. 'गोळी नियमित घेईन' असे नको. 'सकाळी चहाचा कप धुतला की गोळी घेईन' असे लिहा. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी अशा वाक्यांवर बरेच काम केले आहे. आधीच्या एखाद्या ठरलेल्या कृतीला नवी कृती बांधली की ती आठवण्यासाठी वेगळा जोर लागत नाही.

आणि काही वेळा डोके चालवूच नका. भूक लागलेली असताना, रागात, दारू घेतलेली असताना, किंवा रात्री अकरानंतर घेतलेले निर्णय मी पेशंटना सकाळी पुन्हा वाचायला सांगतो. त्यातले निम्मे ते स्वतःच खोडतात.

वही पुरेशी नसते तेव्हा

काही परिस्थितींत या सवयींवर वेळ घालवू नका, सरळ डॉक्टरांकडे या. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस उदास वाटणे, कशातच रस न वाटणे, भूक आणि झोप बिघडणे, साधा निर्णयही न घेता येणे, ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. नैराश्यात उपाय सुचतच नाहीत. तो आळस नाही, आजाराचा भाग आहे, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. जगणे नको वाटत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर आत्ताच जवळच्या माणसाला सांगा आणि टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. फोन मोफत आहे, कोणत्याही वेळी लागतो आणि मराठीतही बोलता येते.

घरात मारहाण होत असेल तर ती तुम्ही नीट विचार करून सोडवायची अडचण नाही. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, तातडीच्या वेळी ११२.

नेहमी चांगले डोके चालणाऱ्या माणसाला काही आठवड्यांपासून विसरायला होत असेल, सुस्ती असेल, लक्ष लागत नसेल, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासून घ्यावी. वयस्कर माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला तर त्याला 'टेन्शन आलंय' असे समजू नका. जंतुसंसर्ग, रक्तातले कमी झालेले मीठ, कमी झालेली साखर किंवा पक्षाघात असू शकतो. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी अचानक सुरू झाली तर तेही तातडीचे.

इतर वेळी, टेन्शनची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे येताना वहीचे एक पान बरोबर आणा. कधीपासून, दिवसातल्या कोणत्या वेळी, कशाने वाढते, आतापर्यंत काय करून पाहिले. आणि औषधे चुकत असतील तर कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आणि का चुकतात, तेही लिहा. आम्ही रागावलो तरी लिहा.